गट पाडण्याआधी जोडी बसवावी: संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एकत्र काम करायला शिकवण्याबाबत

नमस्कार मॅडम,

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तासिका तत्त्वावर, बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला सी भाषा शिकवता. वर्गात ४६ मुले-मुली आहेत. सप्टेंबरमध्ये आपण पाच-पाच जणांचे गट करून त्यांना एक छोटा प्रकल्प दिला आणि महिन्याभरात असे दिसले की प्रत्येक गटात एकच जण सारे काम करतो, दोघे त्याची फाईल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात आणि उरलेले दोघे फिरकतच नाहीत. यांच्यात संघभावना कशी रुजवावी, त्यासाठी एखादे व्याख्यान ठेवावे की काही खेळ घ्यावेत, असे आपण विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात २१ वर्षांपासून हाच विषय शिकवतो. पहिली सहा-सात वर्षे मीही अगदी असेच गट पाडले आणि मलाही अगदी हेच दिसले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संघभावना हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. ती भावना या मुलांकडे पुरेशी आहे. कोणाच्या घरी लग्न असले की हीच मुले पंगतीत वाढायला उभी राहतात, गणपतीचा मंडप रात्रीतून टाकतात आणि सोयाबीनच्या सोंगणीला एकमेकांच्या शेतात जातात. त्यांना जे येत नाही ते वेगळे आहे: डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूवर एकत्र काम करणे. पंगतीत कोणाच्या पत्रावळीवर भाजी संपली आहे हे कोणी सांगावे लागत नाही, ते दिसते आणि ज्याच्या हातात बादली असेल तो तिकडे वळतो. प्रोग्रॅममध्ये कोणता भाग झाला, कोणता राहिला आणि कोणता चुकला हे ज्याला प्रोग्रॅम वाचता येतो त्यालाच दिसते. पहिल्या सत्रातल्या मुलाला तेवढे वाचता येत नसते. त्यामुळे जो काही करत नाही असे आपल्याला वाटते, त्याला बहुतेक वेळा हात कोठे घालावा हेच कळत नसते. मी एकदा अशा एका मुलाला एकटे बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, थो आपल्या मनानंच सारं करते, मले काही सांगतच नाही, अन् मी इचारलं तं मले समजत बी नाही." या एका वाक्यात दोन वेगळे दोष आहेत. एक सांगणाऱ्याचा आणि एक विचारणाऱ्याचा. दोन्ही शिकवून दूर होणारे आहेत आणि व्याख्यानाने त्यांतला एकही दूर होत नाही. म्हणून माझे उत्तर असे आहे की, मुलांना एकत्र काम करायला शिकवायचे म्हणजे ते काम एकमेकांना दिसेल असे करायचे. पुढे जे काही सुचवतो ते या एकाच विचारातून आलेले आहे.

त्याआधी परिस्थितीचे बोलतो, कारण बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. आपल्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतले संगणक किती, वीज किती वेळ असते, प्रॅक्टिकलचा तास किती मोठा, अंतर्गत गुण कसे वाटायचे याचा अधिकार आपल्याकडे आहे की विभागप्रमुखांकडे, यावर आपल्याला काय जमेल ते ठरेल. किती मुले बाहेरगावाहून एस.टी.ने येतात हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ज्या मुलींची शेवटची गाडी साडेचारला सुटते, त्यांना "तास संपल्यावर गटाने बसा" असे सांगणे म्हणजे त्यांना गटाबाहेर काढणेच आहे, आणि तरीही बहुतेक प्रकल्पांची आखणी तास संपल्यावरच्या वेळेवरच केलेली असते. माझा पक्का नियम असा आहे की, गटाचे काम प्रॅक्टिकलच्या तासातच व्हायला हवे. तेवढ्या वेळात बसत नसेल तर काम लहान करावे.

आता मुख्य भाग. पहिल्या सत्रात पाच जणांचा गट करूच नये, चारचाही नको. सुरुवात दोघांपासून करावी. माझ्याकडे ही पद्धत आली ती टंचाईतून: एका वर्षी ४४ विद्यार्थी होते आणि चालू संगणक २२. म्हणून एकेका यंत्रावर दोघे बसवले आणि काही आठवड्यांनी लक्षात आले की आदल्या वर्षापेक्षा वर्ग जास्त बोलतो आहे आणि मला कमी प्रश्न विचारतो आहे. नंतर वाचनात आले की व्यवसायात याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात, १९९० च्या दशकात अमेरिकी सॉफ्टवेअर अभियंता केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कार्यपद्धतीत तिला महत्त्वाचे स्थान दिले, आणि १९९९ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात जोडीने काम करणाऱ्यांना एकूण श्रम थोडे जास्त लागले, पण त्यांच्या प्रोग्रॅममध्ये चुका कमी निघाल्या. नवशिक्यांच्या बाबतीत तर थोडे जास्त श्रम ही तक्रार असूच शकत नाही, कारण तो वेळ बोलण्यात जातो आणि बोलणे हेच शिकायचे असते.

परंतु नुसते दोघांना शेजारी बसवल्याने जोडी होत नाही. एक टाइप करतो आणि दुसरा मोबाईल पाहतो. म्हणून भूमिका ठरवून द्याव्या लागतात. पुस्तकी शब्द ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर असे आहेत, आणि त्यातला दुसरा शब्द आमच्या मुलांना काहीच सांगत नाही. मी त्याऐवजी ड्रायव्हर आणि कंडक्टर म्हणतो, कारण एस.टी.ने येणाऱ्या प्रत्येक मुलाला हे माहीत आहे की कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही आणि एक बेल दिली की ड्रायव्हरला गाडी थांबवावी लागते. प्रयोगशाळेतला नियम अगदी तोच आहे. कीबोर्ड ड्रायव्हरच्या हातात असतो आणि कंडक्टरने त्याला हात लावायचा नाही. प्रोग्रॅम चालवण्याआधी मात्र कंडक्टरने पडद्यावर काय उत्तर येईल ते तोंडाने सांगायचे आणि वहीत लिहायचे. ही डबल बेल. ती मिळाल्याशिवाय प्रोग्रॅम चालवायचा नाही. मधेच एखादी ओळ समजली नाही तर "थांब" म्हणायचे, ही एक बेल. ती मिळाली की ड्रायव्हरने टाइप करणे थांबवून ती ओळ समजावून सांगायची, मग ती कितीही सोपी असो. पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. घड्याळ माझ्याकडे असते आणि वेळ झाली की अर्धवट ओळ तशीच सोडून उठावे लागते.

या नियमांत सर्वांत मोलाचा भाग मला उत्तर आधी सांगण्याचा वाटतो. त्यामुळे कंडक्टरला प्रत्येक ओळ वाचावीच लागते, आणि त्याने सांगितलेले आणि पडद्यावर आलेले उत्तर वेगळे निघाले की दोघांमध्ये जी चर्चा होते ती मी फळ्यावर तासभर शिकवूनही होत नाही. शिवाय हुशार मुलाच्या डोक्यात जे चालते ते पहिल्यांदा आवाजाच्या रूपाने बाहेर येते. ज्याला सारे येते त्याला सांगता येतेच असे नाही. त्यालाही हे शिकावे लागते, आणि आपल्या वर्गातला जो एकटा सारा प्रकल्प करतो आहे त्याला शिकवण्याची गोष्ट नेमकी हीच आहे. त्याला "इतरांना सामावून घे" असा उपदेश केला तर तो मान डोलावतो आणि रात्री एकटाच काम संपवतो. पंधरा मिनिटे कीबोर्डपासून दूर बसवले तर त्याला शब्द शोधावे लागतात.

जोड्या कोणी ठरवायच्या, हा नाजूक विषय आहे. मुलांवर सोपवले तर ती एका गावची, एका गाडीने येणारी, एका शाळेतून आलेली अशी बसतात, आणि वर्गात ज्या भिंती आधीपासून आहेत त्याच प्रयोगशाळेतही उभ्या राहतात. म्हणून जोड्या मी ठरवतो, हजेरीपटावरून यादी लावतो आणि दर तीन आठवड्यांनी बदलतो. बदल ठरलेला असल्यामुळे न पटणारा जोडीदारही मुले निभावून नेतात. जोडी लावताना दोघांची तयारी फार वेगळी नसावी. अगदी पुढचा आणि अगदी मागचा एकत्र बसवले तर पुढचा शिकवत नाही, ओढत नेतो, असा माझा अनुभव आहे. मुलगा-मुलगी अशा जोड्यांबाबत मी पहिला महिना आग्रह धरत नाही. वर्ग एकमेकांना ओळखू लागला आणि जोड्या सरांनीच ठरवल्या आहेत हे घरीही माहीत झाले की ती अडचण बहुतेक वेळा आपोआप कमी होते. आणखी एक गोष्ट: बोलणे ज्या बोलीत होईल त्या बोलीत होऊ द्यावे. इंग्रजीत चर्चा करा असा आग्रह धरला की मराठी माध्यमातून आलेली निम्मी मुले गप्प होतात, आणि गप्प जोडीचा काही उपयोग नाही. प्रोग्रॅममधल्या टिपाही मी मराठीत लिहू देतो.

पाच-सहा आठवडे जोड्या नीट चालल्या की मग गट, आणि तोही तिघांचा. याचे कारण साध्या हिशोबात आहे. दोघांत बोलण्याची एक वाट असते, तिघांत तीन, चौघांत सहा आणि पाच जणांत दहा. प्रत्येक वाट चालती ठेवायला वेळ लागतो. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या संगणक-प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवले की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी उशिरा पूर्ण होतो, आणि त्याचे एक कारण ह्या वाढत जाणाऱ्या वाटाच आहे. अनुभवी लोकांची ही गत असेल, तर ज्यांनी महिन्याभरापूर्वी पहिला लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) लिहिला त्यांच्या दहा वाटा कशा चालतील?

गट झाल्यावर काम वाटायचे असते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. आपण दिलेला प्रकल्प मला माहीत नाही, पण बहुतेक प्रकल्प असे असतात की त्यांचे तुकडे पडतच नाहीत. ज्याला पहिला भाग जमला त्यालाच दुसरा सुचतो. प्रकल्प निवडतानाच तो तीन बऱ्यापैकी सारख्या भागांत मोडतो का, हे शिक्षकाने स्वतः करून पाहायला हवे. मी बरीच वर्षे एक उदाहरण वापरतो: कापूस खरेदीची पट्टी. शेतकऱ्याचे नाव आणि काट्यावरचे वजन घ्यायचे, भावाप्रमाणे रक्कम काढायची, तीतून कपात वजा करायची, शेतकऱ्याला पट्टी छापून द्यायची आणि संध्याकाळी दिवसभराची बेरीज दाखवायची. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एकच ठरलेले काम करणारा तुकडा, माहिती घेते, एक हिशोब करते आणि एक छापते. मुलांच्या घरी अशा पट्ट्या असतात, त्यामुळे बरोबर उत्तर कसे दिसते हे त्यांना आधीच ठाऊक असते, आणि चूक ओळखायला शिक्षक लागत नाही.

संगणकाला हात लावण्याआधी तिघांनी मिळून एक कागद भरायचा. त्याला आम्ही करारपत्रक म्हणतो. प्रत्येक फंक्शनचे नाव, त्यात काय येणार, ते कोणत्या मापात येणार, त्यातून काय बाहेर पडणार, आणि चुकीची माहिती आली तर काय करायचे, एवढेच त्यात असते. तिघांच्या सह्या होतात आणि कागदाची एक प्रत माझ्याकडे राहते. कागद बदलायला बंदी नाही, पण बदल तिघांच्या सहीने करावा लागतो. या कागदाची गरज मला एका घटनेने पटली. एका गटात एका मुलीने वजन किलोत घेतले, कारण काट्यावर किलोच दिसतात. दुसऱ्या मुलाने रक्कम काढताना वजन क्विंटलमध्ये धरले, कारण भाव क्विंटलचा असतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांचेही फंक्शन वेगवेगळे तपासले तेव्हा बिनचूक चालले. जोडल्यावर १२ क्विंटल ४० किलो कापसाचे, ७,००० रुपये भावाने, ८६,८०० रुपयांऐवजी ८६ लाख ८० हजार रुपये झाले. त्या दिवशी मी वर्गाला सांगितले की १९९९ साली मंगळाजवळ पोहोचलेले नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान अशाच कारणाने नष्ट झाले: जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून आकडे ब्रिटिश मापात निघत होते आणि ते घेणारे सॉफ्टवेअर त्यांना मेट्रिक समजत होते. त्या दोन मुलांना अपमान वाटला नाही, आणि वर्गाला हे कळले की अशी चूक कोणा एकाच्या डोक्यात नसते, ती दोघांच्या मधल्या जागेत असते. त्या मधल्या जागेवर नाव लिहिणे हेच करारपत्रकाचे काम आहे.

वाटून घेतलेले काम जोडायचे केव्हा? दर आठवड्याला, प्रॅक्टिकलच्या शेवटच्या वीस मिनिटांत, जे जेवढे झाले असेल ते. ज्याचे फंक्शन झालेले नाही त्याने ठरावीक एकच उत्तर देणारे रिकामे फंक्शन आणायचे, म्हणजे साखळी तुटत नाही. जोडणी शेवटच्या दिवसावर ढकलली की ती हमखास सर्वांत हुशार मुलाच्या घरी, रात्री, एकट्याने होते, आणि आपण पाहिलेले चित्र बऱ्याच अंशी तेथून येते.

जोडणीसाठी गिट (फाईलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवून अनेकांचे काम एकत्र जोडणारे सॉफ्टवेअर) शिकवावे का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येईलच. माझे मत असे की पहिल्या तीन-चार जोडण्या पेन ड्राइव्ह आणि तारखेच्या नावाच्या फोल्डरने होऊ द्याव्यात. कोणाची फाईल नवी, कोणाची जुनी, हा गोंधळ मुलांनी एकदा स्वतः भोगला की मग गिट कशासाठी आहे हे सांगावे लागत नाही. इंटरनेट भरवशाचे नसले तरी गिटचे काही अडत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते तयार केले तेव्हाच त्याची रचना अशी ठेवली की प्रत्येकाच्या यंत्रावर साऱ्या इतिहासाची पूर्ण प्रत असते. प्रयोगशाळेतल्या एका सामायिक फोल्डरमध्ये, तेही नसेल तर पेन ड्राइव्हवर, एक बेअर रिपॉझिटरी (गिटचे सर्वांसाठीचे सामायिक कोठार) ठेवली तर तिघांना आपापले काम तेथे पाठवता येते. मी एका तासात दोघांना मुद्दाम एकच ओळ बदलायला लावतो, म्हणजे गिट तक्रार करते आणि दोन्ही ओळी समोर ठेवते. त्यांतली कोणती बरोबर हे गिट ठरवत नाही. दोघांना शेजारी बसून ते ठरवावे लागते. या प्रसंगाची भीती पहिल्यांदा शिक्षकासमोरच गेली पाहिजे, नाहीतर मुले पुढे ती टाळण्यासाठी एकाच्याच यंत्रावर सारे लिहू लागतात.

आता न येणाऱ्या मुलांबद्दल. आपण त्याला बेपर्वाई म्हटले आहे, आणि काहींच्या बाबतीत ती असेलही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी असते, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते, आणि मजूर मिळत नसले की घरची मुले शेतात जातात. हे दरवर्षी होणार आहे, तेव्हा ते गृहीत धरून गटाची रचना करावी. आमच्याकडे प्रत्येक गटाची एक वही असते, आणि तिचा नमुना मला एका विद्यार्थिनीने दिला. तिची आई महिला बचत गटाची सचिव होती आणि दर बैठकीनंतर इतिवृत्त लिहिण्याचे काम ही मुलगीच करत असे. तारीख, हजर कोण, काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत, आणि शेवटी साऱ्यांच्या सह्या. मी त्यात एकच रकाना वाढवला: कोठे अडले. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी पाच मिनिटे ही वही लिहिण्यासाठी राखून ठेवतो आणि लिहिणारा दर वेळी बदलतो. दहा-बारा दिवस वेचणीला गेलेला मुलगा परत आला की त्याने कोणालाही काही विचारण्याआधी वही वाचायची आणि "कोठे अडले" या रकान्यातली एक गोष्ट स्वतःकडे घ्यायची. परत येण्याची लाज या वहीमुळे बरीच कमी होते. अनेक मुले आळसामुळे दूर राहत नाहीत. एकदा मागे पडल्यावर परत कसे शिरावे हे त्यांना कळत नाही, म्हणून ती दूर राहतात.

गटात मतभेद झाले तर मत टाकून निर्णय घेऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तिघांत दोन विरुद्ध एक असा निकाल लागतो आणि तो एक जण पुढे मनाने गटात राहत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत अनेक वर्षे पाळली आहे, आणि निर्णयाआधी विषय नीट समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालवले आहेत. अख्खे गाव जर हे करू शकते तर तीन मुलांना ते अशक्य नाही. माझी पद्धत अशी की, ज्याचा विरोध आहे त्याने दुसऱ्याची बाजू त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडून दाखवायची. बहुतेक वाद येथेच मिटतात, कारण निम्म्या वेळा दोघे एकच सांगत असतात. जे उरतात ते छोटा प्रोग्रॅम लिहून, चालवून पाहून मिटवता येतात. ही सोय आपल्या विषयात आहे आणि तिचा उपयोग करून घ्यावा.

गुणांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण बहुतेक जण तेथूनच सुरुवात करतात. आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी बरेचदा एकरी ठेक्याने दिली जाते. टोळीने काम करायचे आणि पैसे सारखे वाटून घ्यायचे. कापसाची वेचणी मात्र किलोवर असते. साऱ्या बाया एकाच वावरात, शेजारशेजारच्या तासात (पिकाच्या ओळीत) वेचतात, पण संध्याकाळी प्रत्येकीचे गाठोडे वेगळे मोजले जाते. मुलांना मी विचारतो की या दोन्हींत काय फरक पडतो, आणि उत्तर त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असते. ठेक्यात टोळी एकमेकींवर लक्ष ठेवते, पण एखादी मागे राहिली तर कुरबुर होते. वेचणीत कुरबुर नसते, पण शेजारणीचे तास कोणी पूर्ण करून देत नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ साली दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत माणसे वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर सरासरीने कमी होत गेला होता. त्याला काही अंशी सर्वांनी एकाच क्षणी न ओढणे हे कारण होते, आणि काही अंशी, पुढच्या संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे, आपला वाटा कोणाला दिसत नाही ही जाणीव. दोन्ही कारणांवर वेगवेगळा उपाय लागतो. पहिल्यावर करारपत्रक आणि आठवड्याची जोडणी, दुसऱ्यावर गुणांची रचना.

म्हणून मी दोन्ही पद्धती मिसळतो. दहा गुण असतील तर चार जोडलेल्या प्रोग्रॅमला, ते तिघांना सारखे. सहा ज्याचे त्याला, आणि ते तोंडी परीक्षेत. तोंडी परीक्षेत मात्र प्रत्येकाला सोबत्याने लिहिलेल्या भागावर प्रश्न विचारायचा, स्वतःच्या भागावर नाही. कोणाला कोणाचा भाग, हे त्याच वेळी चिठ्ठी टाकून ठरते. हा नियम पहिल्याच दिवशी जाहीर केला की वर्गाचे वागणे बदलते, कारण आता हुशार मुलाचे गुण दुसऱ्याचे काम समजून घेण्यावर अवलंबून असतात, आणि मागच्या मुलाला पुढच्याकडून समजावून घेण्याचा हक्क मिळतो. गुण बदलण्याचा अधिकार आपल्याकडे नसेल, तर विभागप्रमुखांकडे फक्त तोंडी परीक्षेच्या या एका बदलाची परवानगी मागावी. त्याला वेगळा खर्च नाही आणि कागदावरची गुणविभागणीही तशीच राहते. मुलांकडून एकमेकांना गुण देण्याची पद्धत काही ठिकाणी वापरतात. लहान गावात, जेथे मुले एकमेकांच्या घरी जातात, तेथे मी ती वापरत नाही. तिथे गुण कामाचे न राहता नात्याचे होतात.

थोडक्यात क्रम असा धरावा: सत्राचे पहिले सहा आठवडे ठरवून दिलेल्या, बदलत्या जोड्या. मग एक आठवडा फक्त करारपत्रक लिहिण्याचा, ज्यात संगणक बंदच ठेवायचे. त्यानंतर तिघांचा गट आणि दर आठवड्याला जोडणी. गिट दुसऱ्या सत्रात आणले तरी चालेल.

हे झाले पुढच्या वर्षाचे. आपले गट तर पाडून झाले आहेत आणि सत्र संपायला थोडेच आठवडे उरले आहेत. या गटांना आता मोडू नये, आणि काम न करणाऱ्यांना वर्गासमोर बोलूही नये. दिवाळीनंतर प्रत्येक गटाला त्यांच्याच तयार प्रोग्रॅममध्ये दोन लहान बदल करायला द्यावेत, उदाहरणार्थ एक नवी कपात जोडणे आणि चुकीचे वजन आल्यास परत विचारणे. अट एवढीच की, ज्याने मूळ प्रोग्रॅम लिहिला त्याने पूर्ण वेळ कंडक्टरच्या जागी बसायचे, आणि कीबोर्ड उरलेल्यांनी आळीपाळीने चालवायचा. पाच जण एका यंत्राभोवती मावत नाहीत, तेव्हा एका बदलाला एका वेळी दोन ड्रायव्हर आणि कंडक्टर असे तिघे बसवावेत. दोन प्रॅक्टिकलमध्ये हे होते. पहिल्या वेळी गोंगाट होईल आणि काम फार पुढे सरकणार नाही, तरी ते थांबवू नये. तोंडी परीक्षेला प्रश्न या बदलांवर विचारावेत.

आपल्या प्रयोगशाळेत नेमके किती संगणक चालू आहेत, प्रॅक्टिकलचा तास किती मिनिटांचा आहे आणि मुलींच्या गाड्या किती वाजता सुटतात हे कळवले, तर ४६ जणांच्या जोड्यांचे वेळापत्रक कसे बसवता येईल ते मी आकडे घालून लिहून देईन. करारपत्रकाचा आणि वहीचा कोरा नमुनाही त्यासोबत पाठवतो.